उत्तर वर नसलेलं शहर

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'ज्याला जो छंद असेल त्यावर बोला' असं संयोजकांनी कळवलं तेव्हाच मला धाकधूक वाटायला लागली होती. माझ्या आधीच्या मित्रानं आत्ता पडद्यावर एकेक किल्ला दाखवला आणि सभागृहात 'वा!' उमटलं. माझ्याकडे दाखवायला आहेत ते घड्या पडलेले, कडा फाटलेले कागद. मी एका शहराचे जुने पर्यटन नकाशे जमवते. पर्यटन खात्याच्या खिडकीवर फुकट मिळायचे, हॉटेलच्या खोलीत टेबलावर ठेवलेले असायचे, स्टँडवरच्या पुस्तकाच्या टपरीत दोरीला लटकायचे, तसले. शहर चंडीगड. आजमितीला नकाशे ६१. घरचे त्यांना रद्दी म्हणतात आणि त्यांचं अगदीच चूक नाही, कारण निम्मे रद्दीवाल्यांकडूनच आलेत.

चंडीगडशी माझा काय संबंध? काहीच नव्हता. २००४ साली कंपनीनं एका कामासाठी सहा महिने म्हणून पाठवलं, त्याची दोन वर्षं झाली. रविवारी करायला काही नसायचं. जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाकडे पुस्तकात घडी घालून विसरलेला शहराचा नकाशा मिळाला, दहा रुपयांना. तो उलगडून बघताना पहिली गोष्ट मनात आली ती आपल्या भूगोलाच्या बाईंची. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून नाही सांगत. नकाशा हातात आला की आधी काय बघायचं? दिशा, सूची, प्रमाण. या क्रमानं. मी दिशा बघितली, तर उत्तरेचा बाण वर नव्हताच. तो डाव्या कोपऱ्याकडे कललेला होता.

हे छपाईतलं काही नाही. चंडीगडचे बहुतेक पर्यटन नकाशे असेच असतात. शहराचे मुख्य रस्ते उत्तर-दक्षिण नाहीत, तिरके आहेत. ईशान्येला शिवालिकच्या टेकड्या, तिकडून नैर्ऋत्येकडे हलका उतार, आणि त्या उतारावर शहराची चौकट बसवलेली. ल कॉर्बुझिए यांनी शहराची कल्पना माणसाच्या शरीरासारखी केली होती. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय हे डोकं, सेक्टर १७ चा बाजार हे हृदय, मधून जाणारी हिरवी पट्टी म्हणजे फुप्फुसं. आता डोकं नकाशात खाली किंवा कोपऱ्यात कसं काढणार? म्हणून ईशान्य वर घेतली. गंमत अशी की नकाशावरची ही सोय शहरानंही मान्य केली आहे. डोक्याकडच्या बाजूनं जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे 'उत्तर मार्ग'. होकायंत्र घेऊन उभं राहिलात तर तो शहराच्या ईशान्येला आहे. कागदावर वर आहे म्हणून उत्तर!

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण ती पुस्तकांत मिळते. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. जागा ठरली १९४८ ला. पहिला आराखडा अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा. नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले, आणि १९५१ मध्ये काम कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. सोबत त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू, आणि तरुण भारतीय वास्तुविशारदांचा एक गट. पॅरिसच्या कचेरीत या शहराच्या कामावर एक पुण्यात जन्मलेला मुलगाही होता, बाळकृष्ण दोशी. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन ७ ऑक्टोबर १९५३ ला झालं. श्रेय सगळं कॉर्बुझिएंच्या नावावर जमा होतं, हे मला पटत नाही. जानरे १९६५ पर्यंत तिथे राहिले, घरं, शाळा, खुर्च्यासुद्धा केल्या, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या. पर्यटन नकाशावर त्यांचं नाव क्वचित दिसतं.

आता मुख्य गोष्ट. या नकाशांवर साल छापलेलं नसतं. छापणाऱ्याला ते नकोच असतं, कारण उरलेला गठ्ठा पुढच्या वर्षीही खपवायचा असतो. मग साल ओळखायचं कसं? यात मला जो आनंद मिळतो तो प्रोग्रामातली चूक शोधण्याच्या आनंदाच्या जवळचा आहे. नकाशावरची एकेक खूण घ्यायची आणि 'याच्या आधीचा असू शकत नाही', 'याच्या नंतरचा असू शकत नाही' असं दोन्ही बाजूंनी आवळत आणायचं.

किंमत आण्यात असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधला, कारण १९६४ मध्ये 'नये' गळून नुसते पैसे राहिले. सुखना तलाव असेल तर १९५८ किंवा नंतरचा. बांध घालून तो त्या वर्षी तयार केला. 'पंजाबची राजधानी' एवढंच लिहिलं असेल तर १ नोव्हेंबर १९६६ च्या आधीचा, त्या दिवशी हरियाणा वेगळा झाला आणि चंडीगड केंद्रशासित होऊन दोघांचीही राजधानी झालं. सेक्टर १६ मध्ये गुलाबाची बाग दिसली तर १९६७ च्या अलीकडे या. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. हा पिनकोड म्हणजे तर माझा लाडका साक्षीदार आहे, कारण तो छापणाऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यात, अगदी तळाला, बारीक अक्षरात बसलेला असतो आणि चित्रकाराच्या हौसेचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चित्रांवर मात्र विसंबून चालत नाही. 'उघडा हात' हे स्मारक बघा. ते उभं राहिलं १९८५ मध्ये, पण कल्पना कॉर्बुझिएंच्या हयातीतली, आणि ते तर १९६५ मध्येच गेले. त्यामुळे हाताचं नुसतं चित्र दिसलं म्हणून भुलायचं नाही. स्थळ म्हणून क्रमांक दिलाय का ते बघायचं.

तुटक रेषा हाही एक पुरावा. शहराच्या पहिल्या टप्प्यात ३० सेक्टर आणि दीड लाख वस्ती, दुसऱ्या टप्प्यात सेक्टर ३१ ते ४७ आणि एकूण पाच लाख, असा हिशेब होता. जुन्या नकाशांत खालचे सेक्टर तुटक रेषांनी काढलेले असतात. सूचीत लिहिलेलं, 'प्रस्तावित'. दहा-बारा वर्षांचे नकाशे ओळीनं मांडले की तुटक रेषा एकेक करून भरत जाताना दिसतात. २००१ ला इंजिनियरिंग करून बाहेर पडले तेव्हापासून मी असंख्य प्रकल्पांचे आराखडे बघितलेत, ज्यात प्रस्तावित ते प्रस्तावितच राहतं. इथे रेषा खरोखर भरत गेल्या याचं मला आजही अप्रूप वाटतं. न भरलेली एक जागाही आहे. विधानसभा-सचिवालयाच्या परिसरात राज्यपालांचा प्रासाद व्हायचा होता. तो कधी झाला नाही. माझ्याकडच्या एका जुन्या नकाशात मात्र तो चांगला छापून ठेवला आहे, बागेसकट.

गणिताच्या सरांसाठी एक गंमत. शहरात सेक्टर १३ नव्हता. का, याच्या कहाण्या बऱ्याच ऐकल्या. पण समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज करा. ४ च्या समोर ९, बेरीज १३. ९ च्या समोर १७, बेरीज २६. १७ च्या समोर २२, बेरीज ३९. म्हणजे ज्या आकड्याला घरात घेतलं नाही तोच या बेरजांत भिंतीआड बसलेला. २०२० मध्ये मनीमाजराला सेक्टर १३ हे नाव मिळालं, त्यामुळे माझ्या नकाशांना साल लावायची आणखी एक खूण वाढली.

इतकं सगळं हौसेचं झालं. पण हळूहळू माझं लक्ष नकाशावर काय आहे यापेक्षा काय नाही याच्याकडे जायला लागलं.

१९६० च्या दशकातले माझ्याकडे सात नकाशे आहेत. सातही नकाशांत सुखना तलाव आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये एक हिरवा पट्टा आहे. नाव नाही, क्रमांक नाही. 'झाडी' एवढाच अर्थ. त्या झाडीत, नेमक्या त्या वर्षांत, नेकचंद नावाचा सरकारी रस्ते खात्यातला निरीक्षक रोज नोकरी संपवून सायकलनं जात होता आणि फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, नदीतले गोटे, टाकून दिलेलं बांधकामाचं सामान यांतून माणसं, प्राणी, पक्षी घडवत होता. बेकायदा, कारण तिथे बांधकामाला मनाई होती. जवळजवळ १८ वर्षं हे चाललं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात सरकारच्या नजरेला पडलं. पाडायच्या ऐवजी, आणि याबद्दल त्या अधिकाऱ्यांना मानलं पाहिजे, १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तेच रॉक गार्डन. त्यानंतरच्या प्रत्येक नकाशात त्याला ठळक जागा आहे, काहींत तर ते विधानसभेपेक्षा मोठं काढलंय. जगातल्या सगळ्यात काटेकोर आखलेल्या शहरांपैकी एक, आणि लोक सगळ्यात आवडीनं बघायला जातात ती न आखलेली जागा!

यातला मला खिळवून ठेवणारा भाग वेगळाच आहे. ते सामान आलं कुठून? बरंचसं आलं ते पाडलेल्या गावांतून. चंडीगड माळरानावर वसलं असं आपण म्हणतो, पण तिथे गावं होती, शेतं होती, आंब्याच्या बागा होत्या. पहिल्या टप्प्यातली गावं पार उठवली. नकाशा बनवताना कोरा कागद घेतला, एवढंच. नेकचंदनी त्या घरांतला माल सायकलवर लादून झाडीत नेला. म्हणजे नकाशावरून पुसलेल्या गावांचे तुकडे पुढे नकाशावरच्या प्रेक्षणीय स्थळाच्या रूपात परत आले. गावांची नावं नाही आली.

दुसऱ्या टप्प्यात थोडं वेगळं झालं. गावांची शेतं घेतली, पण वस्त्या तशाच ठेवल्या. म्हणून सेक्टर ४५ मध्ये आजही बुडैल आहे, सेक्टर ४२ मध्ये अटावा. सरळ रस्त्यांच्या चौकटीत मध्येच वाकड्यातिकड्या गल्ल्यांचा गठ्ठा. पर्यटन नकाशात या जागा कशा दाखवतात? काहींत नुसता रिकामा डाग. काहींत सेक्टरचा आकडा बरोबर त्याच्यावर छापलाय, झाकण ठेवल्यासारखा. माझ्या ६१ नकाशांपैकी बुडैलचं नाव फक्त चार नकाशांत आहे. मजुरांच्या वस्त्या, ज्यांनी हे शहर हातांनी बांधलं त्यांच्या, एकाही नकाशात नाहीत. पाहुण्याला काय दाखवायचं आणि काय नाही हे प्रत्येक घर ठरवतं, शहरही ठरवतं. मला त्याचा राग नाही. पण ओळीनं मांडल्याशिवाय ते दिसत नाही.

माझं रोजचं काम म्हणजे माल पोचवणाऱ्या गाड्यांना रस्ता सांगणारं सॉफ्टवेअर. आमच्या नकाशात नवा रस्ता आला की जुना पुसला जातो, आणि तेच योग्य आहे, नाहीतर गाडी खड्ड्यात जाईल. ड्रायव्हरला काल काय होतं याच्याशी कर्तव्य नाही. पण त्यामुळे आमच्या सर्व्हरवर 'काल' नावाची जागाच नाही. फोनवरच्या नकाशात तुम्ही आपल्या गावचा जुना एस. टी. स्टँड शोधून बघा. छापलेल्या नकाशाची गोष्ट वेगळी. त्याला दुरुस्ती करता येत नाही. तो चुकला तर चुकलेलाच राहतो, आणि काही लपवलं तर ते लपवल्याची खूणही राहते.

हे नकाशे मी संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवून बघते. दोन्हींत असलेली एकच जागा, शक्यतो चौक, धरायची आणि टाचणी टोचल्यासारखी पक्की करायची. अशा पंधरा-वीस टाचण्या टोचल्या की सॉफ्टवेअर जुना कागद रबरासारखा ताणून बसवतं. चंडीगडला हे सोपं, चौक मापात आहेत. साधारण १२०० मीटर बाय ८०० मीटरचा एक सेक्टर. मधला भाग चटकन बसतो. वरचा मात्र कधीच बसत नाही, कारण तलाव आणि बागा चित्रकारानं फुगवून काढलेल्या असतात. तळाला प्रामाणिकपणे लिहिलेलंही असतं, 'प्रमाणानुसार नाही'. कागद जिथे सगळ्यात जास्त ताणावा लागतो तिथे शहराला स्वतःचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, असा माझा ठोकताळा आहे.

आता एका नकाशाबद्दल सांगायचंय. रद्दीच्या गठ्ठ्यातून आला. पिनकोड आहे, रॉक गार्डन आहे, म्हणजे १९७६ नंतरचा. त्यावर पेन्सिलनं एक रेषा ओढलेली आहे. सेक्टर १७ च्या बसस्टँडपासून निघते ती ना तलावाकडे जाते ना बागेकडे. सरळ सेक्टर १२ ला जाते. तिथे पीजीआय आहे, १९६२ पासूनचं मोठं इस्पितळ. पंजाब, हरियाणा, हिमाचल, काश्मीर, कुठून कुठून पेशंट तिथे आणतात. कडेला गुरुमुखीत काही लिहिलं होतं. ऑफिसातल्या एका सरदारजींनी वाचून दाखवलं. 'मंगळवार, रक्ताचा रिपोर्ट', एका खोलीचा नंबर, आणि 'गुरुद्वारा, रात्री झोपायची सोय'. ते वाचून दोघंही काही बोललो नाही. परक्या शहरात आलेल्या कुणाच्या तरी हाती टूरिस्ट नकाशा पडला आणि त्यानं तो आपल्या कामाला लावला. पेशंटचं पुढे काय झालं ते नकाशात नाही. घड्यांवर तो इतका झिजलाय की एका मंगळवारचं काम ते नव्हे.

त्या नकाशानंतर माझं जमवणं बदललं. आधी मी स्वच्छ, कोऱ्या प्रती शोधायची. आता लिहिलेल्या, खुणा केलेल्या शोधते. जमवणाऱ्यांच्या बाजारात अशा प्रतीला किंमत कमी, त्यामुळे माझं फावतं.

आणि इथे तुमचा संबंध येतो. चंडीगड आपल्यापासून लांब, खरं. पण आपल्या आईवडिलांच्या पिढीतली एल. टी. सी. ची ट्रिप आठवा. दिल्ली, आग्रा, सिमला-कुलू-मनाली. वाटेत एक मुक्काम चंडीगड. रॉक गार्डन बघायचं, तलावावर फोटो, आणि पुढच्या गाडीत बसायचं. मागच्या दिवाळीत मी आपल्या ग्रुपवर सहज विचारलं, कुणाकडे असा काही कागद आहे का? दोन दिवसांनी एका मैत्रिणीचा फोन आला. ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि नाव घेऊ नकोस असं तिनं बजावलंय. तिच्या घरी अल्बममध्ये नकाशा निघाला, १९८७ च्या ट्रिपचा. मागच्या बाजूला तिच्या वडिलांच्या अक्षरात हिशेब. रिक्षा, रॉक गार्डनची तिकिटं चार, लिंबू सरबत, पोस्टकार्डं, आणि शेवटी 'बाळीची चप्पल तुटली, नवी'. बाळी म्हणजे ती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती.

ती म्हणाली, "तुझ्या संग्रहाला उपयोग असेल तर घेऊन जा, माझ्याकडे नुसता पडून आहे." खरं सांगते, मला तो हवा होता. तशी आवृत्ती माझ्याकडे नव्हती. पण मी तिच्या घरी स्कॅनर घेऊन गेले, दोन्ही बाजू स्कॅन केल्या, आणि कागद पुन्हा अल्बममध्ये ठेवला. पीजीआयचा नकाशा माझ्याकडे आहे तो केवळ त्याचं माणूस मला सापडत नाही म्हणून. याचं माणूस आहे.

तेव्हा विनंती एवढीच. माळ्यावरची ट्रंक, जुने अल्बम, एल. आय. सी. च्या पॉलिशांच्या फायली बघा. चंडीगडचा काही कागद निघाला तर मला द्यायची गरज नाही, कळवा फक्त. स्कॅनर घेऊन मी येते, चहा करा. लॅमिनेशन मात्र कृपा करून करू नका, आणि फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होतो आणि कागद खातो. घडी उलगडून सपाट ठेवा, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये.

बारा नकाशे आज आणलेत, मागच्या टेबलावर साल लावून मांडले आहेत. हातात घेऊन बघा, हात कोरडे असू द्यात, आणि चहाचे कप तेवढे दुसऱ्या टेबलावर ठेवा. 'नये पैसे' छापलेला नकाशा एकच आहे, तो पाकिटातूनच बघा. बाई, तुम्ही आधी या. उत्तर कुठे आहे ते तुम्हाला शोधायला लावायचंय.